मदत हवी आहे: भुताच्या सिनेमांची जुनी पोस्टरं

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. भयपटांच्या पोस्टरांवरून लोकांची भीती कशी बदलत गेली, यावर लिहितोय. १९४९च्या ‘महल’मध्ये भीती जुन्या हवेलीत होती, १९८४च्या ‘पुराना मंदिर’मध्ये राक्षसात. २००३च्या ‘भूत’मध्ये ती थेट मुंबईतल्या उंच इमारतीच्या फ्लॅटमध्ये शिरली! हाताने रंगवलेली भडक पोस्टरंही मागे पडून कॉम्प्युटर आला. मला मात्र ती रंगवलेलीच जास्त बोलकी वाटतात.

यात्रेतल्या तंबू टॉकीजबाहेर किंवा जळगाव-धुळ्याच्या भिंतींवर खळीने चिकटवलेली अशी पोस्टरं कोणाकडे आहेत का? फोटोही चालेल. त्यात बाई कशी दाखवलीय, घाबरून किंचाळणारी की स्वतःच भूत, हे मला नीट बघायचंय. जुने पेंटर काका कोणाच्या ओळखीत असतील तर जरूर कळवा, भुसावळ असो की नंदुरबार, मी भेटायला येईन.