ग्रेनला 'मुंग्या' म्हणून रिजेक्ट करणारा क्यूसी काय कामाचा?

पाचपाखाडीकर:
गेल्या रविवारी ऐरोलीला मित्राकडे गेलो होतो. त्याने ६५ इंची टीव्ही घेतलाय. कौतुकाने एका जुन्या हिंदी सिनेमाची ब्लू-रे लावली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाला, "डिस्क खराब निघाली रे, मुंग्या दिसतायत." डिस्क ठणठणीत होती. त्या मुंग्या म्हणजे फिल्मचा ग्रेन. चित्र ज्या कणांनी बनलंय तेच कण.

मी एकेकाळी चार वर्षं महाप्याच्या एका स्टुडिओत क्यूसी, म्हणजे छपाईआधी डिस्कची दर्जा-तपासणी, केलंय. सकाळी ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशीची गाडी, घणसोलीला उतरून रिक्षा आणि मग दिवसभर अंधारी खोली. डिस्क पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत, न पळवता बघायची. एकदा चित्रासाठी, एकदा आवाजासाठी. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सहा तास गेलेच, वर मेनू, चॅप्टर, सबटायटल. टाइमकोड टाकून दोष लिहायचे: चौकोन फुटलेत, ओठ आणि आवाज जुळत नाहीत, जुन्या टेपवरून आलेल्या मास्टरमध्ये हलत्या हाताला कंगव्याचे दाते फुटलेत. प्रत्येक दोषाला १, २ किंवा ३ असा दर्जा. १ म्हणजे काम थांबलं. कारण यापुढे ग्लास मास्टर (काचेवरची पहिली प्रत), त्यावरून स्टॅम्पर (धातूचा साचा) आणि मग छपाई. तिथे चूक सापडली तर पैसे बुडालेच.

एका सिनेमाच्या वेळी वरिष्ठांनी ग्रेनला 'नॉइज' म्हणून १ नंबर दिला. एन्कोडवाल्यांनी (सिनेमा दाबून डिस्कवर बसवणाऱ्यांनी) डीएनआर, म्हणजे गोंगाट पुसणारं फिल्टर, मारून नवी आवृत्ती पाठवली. नायिकेच्या सुती साडीची वीण गेली होती. नायकाच्या गालावरची दोन दिवसांची दाढी गेली होती. मी लिहिलं, "चेहरे मेणाचे." उत्तर आलं, हा दोष चेकलिस्टमध्ये नाही. डिस्क पास.

माझं म्हणणं एवढंच, की आपली चेकलिस्ट चित्रात काय घुसलंय ते विचारते, चित्रातून काय गेलंय ते विचारतच नाही. शेजारी मूळ फिल्मचा स्कॅन लावून ताडल्याशिवाय गेलेलं कळणार कसं?

ऐरोलीकर:
तो मित्र मीच. हा माणूस माझ्या घरी पोहे खाऊन इथे येऊन माझीच तक्रार लिहितो!

आता माझी बाजू. डिस्कला पैसे मी मोजले. माझ्या बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा पडदा नीट दिसतोय आणि त्यांना तिथे वळवळ दिसते. तुमच्या साडीची वीण बघायला बसलेत का ते? एचडी म्हणजे स्वच्छ, असंच सांगून विकलं ना तुम्ही लोकांनी?

तलावपाळी:
पोहे कसे होते? (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

बिटरेट:
या धंद्यात दुसऱ्या टोकाला, एन्कोडला, होतो. क्यूसीवाले आम्हाला खलनायक करतात म्हणून हिशेब मांडतो.

एकथरी ब्लू-रे २५ जीबी, म्हणजे २०० गिगाबिट. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. भागा. सेकंदाला साडेअठरा मेगाबिट, आणि त्यातच आवाजाचे ट्रॅक, सबटायटल, निर्मात्याच्या हट्टापायी घातलेला मुहूर्ताचा व्हिडिओ. चित्राला उरले चौदा-पंधरा. फॉरमॅट चित्राला ४०पर्यंत परवानगी देतो हो, पण जागा कोणी द्यायची? ग्रेन हा कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या पद्धतीचा, शत्रू आहे. कोडेक मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखून बिट वाचवतो, आणि ग्रेन प्रत्येक फ्रेमला नव्याने पसरलेला असतो. तो ठेवला की धावपळीच्या दृश्यात चौकोन फुटतात आणि हेच पाचपाखाडीकर त्याला १ नंबर देतात. मग आम्ही आधीच थोडा पुसून घेतो. गुन्हा?

पाचपाखाडीकर:
गुन्हा नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. ५० जीबीची दोनथरी डिस्क घेतली असती तर तुमचाच आकडा ३७वर गेला असता. ती घेतली नाही, कारण ती महाग. म्हणजे पैसे वाचवले निर्मात्याने आणि दाढी गेली नायकाची.

दुसरं. ब्लू-रेचं चित्र ८ बिटचं, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत वापरायच्या पायऱ्या १६ ते २३५, मोजून २२०. संध्याकाळच्या आभाळावरचा ग्रेन पुसलात की त्या पायऱ्या उघड्या पडतात, आभाळात पट्टे दिसतात. मग पट्टे लपवायला तुम्हीच वरून बारीक कृत्रिम कण भुरभुरता. देवाचे कण काढून दुकानातले घातले!

बिटरेट:
भुरभुरतो. कबूल. पण बारीक असतात, स्वस्तात एन्कोड होतात. :)

नेरूळवाली:
बाहेरचे दाखले आहेतच. 'प्रिडेटर'ची २०१०ची ब्लू-रे मेणाच्या चेहऱ्यांसाठी अजून बदनाम आहे. 'ग्लॅडिएटर'च्या २००९च्या डिस्कवर सुरुवातीच्या लढाईतले जळते बाण काही फ्रेममध्ये गायब होते. फिल्मवरची धूळ पुसणाऱ्या यंत्राला उडता बाण आणि धुळीचा डाग सारखाच, कारण दोन्ही एका फ्रेमला दिसतात आणि पुढच्या फ्रेमला तिथे नसतात. पुढच्या वर्षी डिस्क नव्याने काढावी लागली. 'गेलेलं दिसत नाही' याचा याहून नेमका दाखला मला माहीत नाही.

पण पाचपाखाडीकर, तुमच्या तोडग्यावर मला शंका आहे. शेजारी मूळ स्कॅन लावायचा म्हणता. स्कॅन म्हणजे 'सिनेमा' का? 'द फ्रेंच कनेक्शन'ची २००९ची ब्लू-रे आठवा. रंग दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांनी स्वतः बसून बदलले. त्याच सिनेमाचे सिनेमॅटोग्राफर ओवेन रॉइझमन यांनी ती जाहीरपणे धुडकावली. २०१२मध्ये पुन्हा वेगळे रंग. दोन्ही कर्ती माणसं, सिनेमा एकच. तिथे महाप्यातल्या क्यूसीने कोणाच्या बाजूने सही करायची?

पाचपाखाडीकर:
रंगाचा वाद खरा आहे आणि तो क्यूसीने सोडवायचा नाही. पण दाढी होती की नव्हती, यात मतभेद कसला?

जुना ऑपरेटर:
मी ठाण्यात पडद्यामागे, म्हणजे खरं तर पडद्यासमोरच्या भोकामागे, अठ्ठावीस वर्षं काढली. प्रोजेक्टरचा दिवा आधी कार्बनचा, मग झेनॉनचा. तुम्ही सगळे 'मूळ' म्हणता तेव्हा मला हसू येतं.

इथल्या मल्हार टॉकीजला काय किंवा वंदनाला काय, प्रेक्षकांनी निगेटिव्ह कधी बघितली? निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, त्यावरून पुन्हा ड्यूप निगेटिव्ह, त्यावरून प्रिंट. आमच्याकडे यायची तोवर ती मुंबईत चार आठवडे घासलेली. दाढीचे केस मोजता येतील असं चित्र ठाण्यात कोणी पाहिलेलं नाही. तुम्ही आता निगेटिव्हच स्कॅन करता आणि त्यातला कणन् कण ६५ इंचावर सहा फुटांवरून दाखवता. कॅमेरामनला माहीत होतं की छपाईत हे सगळं मऊ होणार, म्हणून त्याने तसा प्रकाश दिला. त्यामुळे थोडं मऊ केलेलं चित्र आमच्या काळच्या पडद्याच्या जास्त जवळ असेल, असं मी म्हटलं तर?

आणि एक गंमत. नातवाने एक जुना सिनेमा डिस्कवर लावला. उजव्या कोपऱ्यातले ठिपकेच नाहीत! रीळ संपायच्या आठेक सेकंद आधी एक यायचा, की दुसरं मशीन चालू करायचं. दुसरा आला की झडप बदलायची. अठ्ठावीस वर्षं त्या ठिपक्यांवर पोट भरलं. कोणी पुसले?

ऐरोलीकर:
काका, एक नंबर! बोला आता.

पाचपाखाडीकर:
काका, ठिपके पुसणाऱ्यांत मी आहे. खरंच. नोकरीचा दुसराच महिना होता. दर वीसेक मिनिटांनी वर उजवीकडे डाग येतोय, असं मी टाइमकोडसकट लिहिलं आणि शाबासकी मिळवली. ते काय असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा गेलेलं न दिसण्याचा आरोप माझ्यावरही आहे.

पण तुमच्या मुद्द्यात एक भोक आहे. प्रिंट काढताना कण मऊ होतात ते सगळे सारखे, चेहऱ्याचे, भिंतीचे, आभाळाचे. हलतात तेव्हाही कणच राहतात. डीएनआर तसं करत नाही. ते स्थिर भिंत चाटूनपुसून घेतं, आणि माणूस हलला की त्याच्याभोवती कण सोडून देतं. माणूस चालतोय आणि त्याच्यासोबत वळवळीचा ढग चालतोय, असं तुमच्या पडद्यावर कधी दिसलं?

जुना ऑपरेटर:
नाही. तसं नाही दिसलं. पाऊस पाडायचो आम्ही, घासलेल्या प्रिंटचा. ढग नाही.
पण मऊपणावर मी ठाम आहे.

बिटरेट:
काकांचा मऊपणा मला चालतो, १० टक्के बिट तिथेच वाचतील. आणि १६ एमएमवर काढून ३५वर फुगवलेले सिनेमे, पूर्व जर्मनीच्या ओरवो फिल्मवरचे सिनेमे यांचं काय करणार? तिथे कण नाहीत, ज्वारी पसरलेली असते. पूर्ण ठेवली तर कुठलीही डिस्क पुरणार नाही. एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये सोय आहे, कण काढून टाकायचे, त्यांचं वर्णन सोबत पाठवायचं आणि प्लेअरने घरी नवे उगवायचे. ब्लू-रेत ते नाही.

नेरूळवाली:
म्हणजे ज्वारी काढून ज्वारीचं वर्णन! :D

पाचपाखाडीकर:
@ऐरोलीकर, बाबांसाठी एक करून बघ. टीव्ही दुकानात ठेवतात त्या झगझगीत मोडवर आहे, मी तेव्हाच पाहिलं होतं. सिनेमाच्या मोडवर टाक आणि शार्पनेस शून्यावर आण. शार्पनेस कणांना धार काढतो. तरी नको वाटलं तर टीव्हीतच नॉइज रिडक्शन आहे, ते चालू कर. डिस्कवर आहे ते तुला घरी पुसता येतं. डिस्कवर नाही ते मला कुठूनही आणता येणार नाही.

ऐरोलीकर:
करून बघितलं. शार्पनेस ५०वर होता. शून्यावर आणल्यावर मुंग्या निम्म्याहून कमी झाल्या, हे मान्य. नॉइज रिडक्शन 'हाय'वर टाकलं तर तुझा तो ढग मलाही दिसला. आता तो दिसायचा थांबत नाहीये, त्याबद्दल तुझे आभार मानत नाही.

बाबा मात्र म्हणाले, "आधीचंच बरं होतं, उजेड तरी होता." तर मी उद्या दुकानात गेलो आणि एकीकडे तुझी कणवाली आणि दुसरीकडे स्वच्छ अशा दोन डिस्क असल्या, तर त्यांच्यासाठी स्वच्छच घेणार.

पाचपाखाडीकर:
घे. फक्त वेष्टनावर 'पुसलेली प्रत' असं छापलेलं असू दे.

बिटरेट:
निर्माता छापेल 'डिजिटली रिमास्टर्ड'. पैज लावा.

जुना ऑपरेटर:
आणि ठिपके?