मदत हवी आहे: 'पलायनवादी'ला मराठीत उत्तर काय द्यावं?

एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत आमच्या फँटसी वाचनकट्ट्यावर लेख आला. वार्ताहर बाई दोन तास बोलत बसल्या होत्या. छापून आला तो एकाने गंमत म्हणून घातलेल्या झग्याचा फोटो आणि मथळा 'पलायनवादी तरुणाई'. (आमच्यातले दोघे पेन्शनर आहेत, असो.)

फोन केला. खुलासा छापणार नाहीत, १५० शब्दांचं पत्र घेतील. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

पत्राचा कणा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनचा परीकथांवरचा निबंध आहे, मूळ व्याख्यान १९३९ चं, छापला १९४७ साली. त्यात तो म्हणतो, टीकाकार कैद्याचं तुरुंगातून निसटणं आणि शिपायाचं रणातून पळून जाणं यांची गल्लत करतात. घोडं अडलंय ते इथेच: मराठीत 'पलायन' म्हटलं की दुसराच अर्थ डोक्यात येतो. 'मुक्ती' लिहून पाहिलं, कीर्तन वाटलं. 'सुटका' आवडतो, कारण १६६६ च्या आग्र्याच्या प्रसंगाला आपण सुटकाच म्हणतो, पलायन म्हणायची कोणाची टाप नाही. पण 'सुटकेचं साहित्य' वाचून बायको म्हणाली, म्हणजे कानस आणि दोरखंड का?

समीक्षक एडमंड विल्सनने १९५६ साली टॉल्किनला झोडपलं होतं वगैरे दाखले नकोत, जागा नाही. वार्ताहराला टोमणेही नकोत, पत्र कापतील.

तर, कैद्याच्या निसटण्यासाठी पळपुटेपणाचा वास नसलेला, पुरवणीच्या वाचकाला चटकन कळेल असा एखादा शब्द सुचतोय का? की 'सुटका'च ठेवून वाक्य फिरवू?