वॉशर स्वस्त, भिंत महाग

नळाचा वॉशर दोन मिनिटांत बदलायचे प्लंबर एवढे पैसे कसे घेतो, असा प्रश्न पडतो. अहो, ते वॉशरचे नसतातच. येण्याजाण्याचा वेळ धरून किमान व्हिजिट चार्ज, वर मजुरी आणि सामान. म्हणून गळका नळ, बिघडलेला फ्लश, तुंबलेलं सिंक अशी किरकोळ कामं साठवून एकदम उरकलेली परवडतात.

खिशाला खरा खड्डा पडतो तो कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आत दडवलेला, पाइप फुटला की. पाइपाचा तुकडा वीतभर, पण टाइल फोडणं, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग यातच बिल फुगतं. आमच्याकडे तर जुळणारी टाइलच मिळेना, अजून तिथे पांढरं ठिगळ आहे! भिंत पूर्ववत कोण करणार, हे फोडायच्या आधीच विचारा. बरेच प्लंबर पाइप जोडून मोकळे होतात.