2011 ची बाईक, आरसीला 15 वर्षं पूर्ण होतायत. इंजिन मस्त आहे तरी गाडी नापास होऊ शकते का?

मालवामुलगी (सुदामा नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. बाबांची 100 सीसीची बाईक आहे, 2011 ची, आता आरसी रिन्यू करायचीय. गाडी इतकी भरवशाची आहे की रस्त्यात बंद पडली असं आमच्याकडे कोणाला आठवतच नाही, जानेवारीच्या थंडीत पण दुसऱ्या किकला उठते, अ‍ॅव्हरेज अजून छान देते. बाबा रिटायर झाल्यापासून मीच चालवते, रोज पलासियाला ऑफिस आणि मधेमधे महूला मावशीकडे.

आता प्रॉब्लेम असा की प्रत्येकजण वेगळं सांगतो. शेजारचे काका म्हणतात 15 वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारातच द्यावी लागते. आमचा मेकॅनिक म्हणतो इंजिन टकाटक आहे, काही करायची गरज नाही, अशीच घेऊन जा. आणि ओळखीचा एक एजंट म्हणतो गाडी आणूच नका, कागद द्या, मी करून आणतो. बाबांना हे एजंटवालं अजिबात पटत नाहीये आणि खरं सांगायचं तर मलाही नाही, गाडी मी चालवणार आहे तर ती ठीक आहे की नाही हे मला कळायला पाहिजे ना. तर तपासणीत नेमकं काय बघतात, जुन्या बाईक कशावरून अडतात आणि नेण्याआधी काय काय करून घेऊ? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

एमपी09_रायडर

ताई, भंगाराचं आधी डोक्यातून काढून टाका. पेट्रोल गाडी 15 वर्षांनंतर बंद हे दिल्ली एनसीआरचं प्रकरण आहे, आपल्याकडे नाही. प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, नंतर गाडी तपासून 5 वर्षांसाठी रिन्यू करतात, मग परत 5. फॉर्म 25 भरायचा, आरसी संपायच्या आधी 60 दिवसांच्या आत अर्ज करता येतो. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजेत. एप्रिल 2022 पासून बाईकची रिन्यूअल फी 1000 रुपये झालीय, आणि उशीर केलात तर दर महिन्याला 300 वेगळे, त्यामुळे लटकवू नका. आरसी संपलेली गाडी रस्त्यावर म्हणजे विना रजिस्ट्रेशनची गाडी, दंड तर आहेच पण अ‍ॅक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले तेच धरून बसतात.

आरटीओ नायता मुंडलाला आहे हे माहीत असेलच, सकाळी लवकर जा. गाडी धुवून न्या, विशेषतः हँडलच्या खाली जिथे चेसिस नंबर कोरलेला असतो तिथे. त्याचा पेन्सिलने छाप घेतात, आणि जुन्या गाड्यांवर तिथे गंज आणि ग्रीसचा थर बसून नंबरच वाचता येत नाही. रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर अजिबात घासू नका, नंबर पुसट झाला तर मोठी भानगड होईल.

गॅरेजवाले_काका (परदेशीपुरा)

बेटा, तुझ्या मेकॅनिकने इंजिनाबद्दल सांगितलं ते खरंच असेल, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण भरवशाची गाडी आणि रस्त्यावर चालवण्यालायक गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या लोकांच्या डोक्यात त्या एकच होऊन बसल्यात. इंजिन बिघडलं तर काय होतं, गाडी बंद पडते, तू ढकलत नेतेस, ऑफिसला उशीर होतो. ब्रेक, टायर, हँडल बिघडलं तर गाडी चालत राहते आणि तीच भीती आहे. 100 सीसीच्या या गाड्यांची इंजिनं इतकी चिवट आहेत की त्यांच्या जोरावर बाकीची गाडी कधी झिजली ते घरच्यांना कळतच नाही. माझ्याकडे जुन्या गाड्या येतात त्यात इंजिन उघडायला लागलेल्या कमी आणि या बाकीच्या दुखण्यांच्या जास्त.

सगळ्यात आधी लाईट बघ, कारण सगळ्यात जास्त गाड्या यातच अडकतात आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त. हेडलाईटचं अप्पर डिप्पर, चारही इंडिकेटर, टेललाईट, आणि ब्रेकलाईट दोन्हीकडून बघायची, पायाच्या ब्रेकने लागते म्हणून समाधान मानू नकोस, हाताच्या ब्रेकनेही लागली पाहिजे (तिथला स्विच पावसाच्या पाण्याने जातो आणि वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नसतो). पायाच्या ब्रेकच्या स्विचला एक छोटी स्प्रिंग असते ती लांबते किंवा तुटते, मग एकतर लाईट लागतच नाही नाहीतर सतत लागलेली राहते. हेडलाईट मिणमिणती असेल तर बल्ब बदलत बसू नकोस, आधी होल्डरचा कार्बन आणि अर्थची वायर साफ करायला सांग, रिफ्लेक्टर काळा पडला असेल तर तो बदल. बाजारातल्या त्या भडक पांढऱ्या एलईडी लावू नकोस, समोरच्याच्या डोळ्यात जातात आणि आपल्याला उजेड कमीच पडतो.

ब्रेक. ड्रम ब्रेक असेल तर मागच्या चाकाच्या प्लेटवर बऱ्याच गाड्यांना एक बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबून धरला आणि बाण खुणेपर्यंत पोचला की शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) संपले समज. मेकॅनिक नट आवळून देतात, ब्रेक तात्पुरता लागायला लागतो, आणि असं आवळत आवळत शू लोखंडापर्यंत जातात. आपल्या मालव्याची काळी माती पावसाळ्यात ड्रममध्ये जाऊन बसते तर वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, ड्रम उघडून साफ करायलाच पाहिजे. पुढच्या ब्रेकची वायर जड चालत असेल तर ती पण बदल, तिला तेल पाजून काही होत नाही. तू महूला जातेस म्हणतेस, म्हणजे कधीतरी जाम गेटकडे पण उतरशील, त्या उतारावर पुढचा ब्रेक नसला तर इंजिन कितीही टकाटक असून काय करणार.

आता हँडल, हे घरीच बघता येतं आणि कोणी बघत नाही. डबल स्टँडवर लाव, कोणालातरी मागे बसवून पुढचं चाक वर उचल, आणि हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. मधोमध आल्यावर कट् करून अडकलं तर बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरतं त्या वाट्या आणि गोळ्या) गेला. नंतर पुढचे शॉकअप खालून दोन्ही हातांनी धरून मागेपुढे हलव, खटखट जाणवली तरी तेच दुखणं. तसंच मागचं चाक धरून डावीकडे उजवीकडे हलव, चाक हललं तर बेअरिंग, आणि अख्खा चिमटा (मागचं चाक धरून ठेवणारा दांडा) हलला तर चिमट्याचे बुश. पुढच्या शॉकअपच्या पाईपवर तेलाची रेघ दिसली तर ऑइल सील गेलं, तेच तेल ओघळत चाकाकडे, ड्रमकडे जातं, म्हणून ते काम लांबणीवर टाकू नये.

टायरचं लोक फक्त नक्षी बघतात. नियमाने टू व्हीलरला 0.8 मिमी नक्षी पाहिजे, खोबणीत छोटे उंचवटे असतात त्याच्या बरोबरीला टायर आला की संपला. पण तुझ्या गाडीचं रनिंग कमी असेल तर नक्षी शाबूत असून टायर म्हातारा असू शकतो. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, समजा 2316, म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसत असतील तर नक्षी कितीही असो, टायर बदल, यात पैसे वाचवू नकोस.

नोकरदार_पलासिया

काका तुमचं सगळं बरोबर आहे पण एवढं बघतं कोण हो? प्रॅक्टिकल बोला. एक दिवस सुट्टी टाका, लाईनीत उभं राहा, त्यापेक्षा एजंटला पैसे द्या आणि मोकळे व्हा. गाडी रोज चालतेय ना, मग झालं.

गॅरेजवाले_काका

भाऊ, कागदावर 5 वर्षं मिळाली म्हणून ब्रेकच्या शूला 5 वर्षं मिळत नाहीत. ही मुलगी विचारतेय की गाडी ठीक आहे का, कागद कसा मिळवायचा ते नाही. 15 वर्षांत एकदा कोणीतरी परका माणूस गाडीकडे बघणार आहे, ती संधी पैसे देऊन टाळायची हे मला कळत नाही. आणि वेळेचं म्हणाल तर वर सांगितलेलं लाईट, हँडल, चाक, टायर हे घराच्या अंगणात चहा होईपर्यंत बघून होतं.

रामबागची_वहिनी

मी साडी नेसून मागे बसणाऱ्यांपैकी म्हणून एक सांगते. साडी गार्ड, मागे धरायचा हँडल आणि मागच्याचे फूटरेस्ट हे सगळं नियमात आहे, नुसती कंपनीची सजावट नाही, मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला पाहिजे असं मोटर वाहन नियमांतच लिहिलंय. आमच्या दिरांनी गाडी स्टायलिश दिसावी म्हणून गार्ड आणि आरसे दोन्ही काढून ठेवले होते, तपासणीला गेले तर आधी ते लावून या म्हणून परत पाठवलं. ओढणी चाकात जाते तेव्हा काय होतं ते ज्याच्या घरात झालंय त्याला विचारा. ताई तुम्ही पण ओढणीवाल्याच असाल तर गार्ड असेल तसा राहू द्या.

मालवामुलगी

वहिनी गार्ड आहे 🙂 आरसा मात्र एकच आहे, दुसरा आजच आणते. काका, खूप खूप धन्यवाद, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघांनी लगेच गाडी डबल स्टँडवर घेतली. हाताच्या ब्रेकने लाईट लागत नाहीये. आणि हँडल खरंच मधे अडकतंय, मला वाटायचं गाडी सरळ धरून ठेवते म्हणून छान आहे! बॉल रेसर आवळून चालेल का बदलायलाच लागेल? आणि पीयूसीत जुनी गाडी नापास होते म्हणतात ते काय?

एमपी09_रायडर

पीयूसीचं मी सांगतो. तुमची गाडी 2011 ची म्हणजे बीएस 3 (धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा), तिला पीयूसी दर 6 महिन्यांनी लागते (बीएस 4 आणि बीएस 6 ला वर्षभराची मिळते). फोर स्ट्रोक बाईकला कार्बन मोनॉक्साईड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएमच्या आत पाहिजे. नीट ठेवलेली 100 सीसी यात आरामात बसते. कार्बन मोनॉक्साईड जास्त आला तर गाडी पेट्रोल जास्त पितेय, म्हणजे एअर फिल्टर चोंदलाय, चोक पूर्ण बंद होत नाहीये नाहीतर कार्बोरेटरची सेटिंग बिघडलीय. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल नीट जळतच नाहीये, आधी प्लग बघा, मग व्हॉल्वचं सेटिंग. निळा धूर येत असेल तर मात्र इंजिन ऑइल खातंय, तो मोठा खर्च. तुमचं अ‍ॅव्हरेज छान आहे म्हणता तर बहुतेक काही निघणार नाही. गाडी घरून थेट चालवत, गरम करून न्या, थंड इंजिनावर रीडिंग उगाच वाढीव येतं. आणि पेट्रोलचा रबरी पाईप हाताने दाबून बघा, कडक पडला असेल किंवा चिरला असेल तर बदला, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

लेस्टरवाला_इंदुरी

मूळचा लोकमान्य नगरचा, आता यूकेत असतो. इथे बाईक 3 वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, तिला एमओटी म्हणतात, आणि गंमत म्हणजे इथेही बाईक सगळ्यात जास्त लाईट आणि इंडिकेटरवरूनच नापास होतात, मग ब्रेक, सस्पेन्शन, टायर. इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची हालत त्यात बघतच नाहीत, म्हणजे काका म्हणाले तेच, भरवसा वेगळा आणि फिटनेस वेगळा. बाईकच्या टायरला 1 मिमी नक्षी लागते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने गाड्या सडतात, तुमच्याकडे तो ताप नाही.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पास झालेल्या गाडीला पण लिहून देतात की अमुक झिजत आलंय, लवकर बघा, आणि गाडीचा नंबर टाकून कोणालाही तिचा सगळा इतिहास ऑनलाईन बघता येतो. सेकंडहँड घेताना फार उपयोग होतो. आपल्याकडे 15 वर्षांत एकदा म्हणजे फारच कमी आहे, हे माझं स्पष्ट मत. तोपर्यंत आपणच एक वही करावी, टायर कधी, शू कधी, चेन कधी, तारीख आणि किलोमीटर.

गॅरेजवाले_काका

बेटा, हँडल मधे अडकतंय म्हणजे वाटीत खड्डे पडलेत, गोळ्या रोज त्याच जागी बसून बसून. आवळून खड्डा भरत नाही, उलट हँडल जड होईल आणि वळणावर गाडी तुझं ऐकणार नाही. पूर्ण सेटच बदल, वरची खालची वाटी आणि गोळ्या सगळं. तुला वाटलं की गाडी सरळ धरून ठेवते ते त्या खड्ड्यामुळेच. हे काम आधी कर, आरटीओची तारीख नंतर घे.

पैसे एकदम नसतील तर माझ्या मते हा क्रम ठेव: बॉल रेसर आणि ब्रेक शू या आठवड्यात, टायर जुने निघाले तर त्याच्या पाठोपाठ, स्विच आणि आरसा किरकोळ आहे ते होऊनच जाईल. चेनसेटचे दात टोकदार झाले असतील तर तो पुढच्या महिन्यात चालेल, तोवर चेन फार ढिली ठेवू नकोस.

मालवामुलगी

काका, पार्ट छोटी ग्वालटोलीतून मी स्वतः आणले तर चालेल का, की मेकॅनिकलाच आणू देऊ? बाबा म्हणतात ओरिजिनलच पाहिजे.

गॅरेजवाले_काका

बाबांचं ऐक. स्वतः आण, आरसीचा फोटो आणि खोललेला जुना पार्ट सोबत ने, कारण या मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदललेत आणि दिसायला सारखी वाटी साईजमध्ये फरकाची निघते. पॅकिंगवरचा पार्ट नंबर बघ, बिल घे. आणि मेकॅनिक वाट्या ठोकत असेल तेव्हा समोर उभी राहा, खालची वाटी तिरकी बसली तर नवा सेट सहा महिन्यांत परत तसाच होतो.

एमपी09_रायडर

आणि ताई, जायच्या आधी इंजिन नंबर आरसीशी जुळवून घ्या. कधी इंजिनाचं केसिंग बदललं असेल तर नंबर जुळत नाही आणि मग सगळं चांगलं असूनही गाडी तिथेच अडते. नंबर प्लेट हाय सिक्युरिटीवाली नसेल तर ती पण आत्ताच बुक करून टाका, यायला वेळ लागतो.

मालवामुलगी

इंजिन नंबर जुळतोय, आत्ताच टॉर्च लावून बघितला. प्लेट जुनी साधीच आहे, बुक करते. शनिवारी बॉल रेसर आणि शूचं काम आहे, ड्रम उघडल्यावर आत काय निघालं त्याचा फोटो इथे टाकते, काका तुम्ही बघून सांगा ड्रम चालेल का ते.

गॅरेजवाले_काका

टाक. फोटो काढायच्या आधी ड्रमच्या आतून नख फिरव, खोल चरे लागतात का आणि कडेला पायरी तयार झालीय का तेवढं सांग, फोटोत ते दिसत नाही.