पाकोळीघर: आधी छप्पर आणि भिंत, मग स्पीकर

खाडीकाठ
पाकोळीघर म्हणजे पाकोळी या छोट्या पक्ष्यानं आत येऊन लाळेची घरटी बांधावीत म्हणून उभारलेली इमारत; ही घरटी खाण्यासाठी विकली जातात. 'रोखठोक' यांनी काल लिहिलं की इंडोनेशियातल्या कालिमंतान किंवा सुमात्रात रिकामं गोदाम घ्यावं, पत्रा चालतो, दार मोठं ठेवावं, स्पीकरवर पाकोळ्यांचा ध्वनिमुद्रित आवाज दणदणीत लावावा आणि वर्षाच्या आत घरटी विकावीत. मलेशिया-इंडोनेशियात नोकरीला असलेली मराठी माणसं भागीदारीत पैसे घालायच्या विचारात आहेत आणि हे वाचून घालतील, म्हणून लांबलचक उत्तर.

आवाज पाकोळीला आत आणतो, पण टिकवते ती आतली हवा. तापमान 26 ते 29 अंश आणि आर्द्रता 80 ते 90 टक्के हवी. हवा कोरडी पडली की लाळेचं घरटं तडकतं, छताला लावलेल्या फळीवरून सुटतं आणि अंड्यांसकट खाली येतं. आर्द्रता पंचाण्णवच्या पुढे गेली की फळीला बुरशी धरते आणि बुरशीच्या फळीवर पाकोळी घरटं लावत नाही. नुसत्या पत्र्याखाली दुपारी पारा पस्तिशीच्या वर जातो. मग माणसं फवारे वाढवतात आणि गरमी तशीच राहून वर बुरशी येते. स्लॅब टाका, विटांची दुहेरी भिंत घाला आणि मधे हवेची पोकळी सोडा. झरोक्यांना चार इंची पीव्हीसी पाइप वापरा, बाहेरच्या तोंडाला खाली वळलेला कोपर आणि जाळी लावा. हवा खेळते, उजेड शिरत नाही.

प्रवेशाचं भोक दोन-तीन फूट रुंद आणि दीडेक फूट उंच पुरतं. मोठ्या दारातून उजेड आणि घुबड दोन्ही आत येतात. भोकामागे किमान चार मीटर लांबी-रुंदीची घिरट्या घालायची खोली हवी, तिथून खालच्या मजल्यांवर उतरायला मोकळा चौक. घरट्यांची खोली ठार काळोखी ठेवा. ही पाकोळी टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट शोधते, तिचं अंधारात काही अडत नाही. घुबडाचं मात्र अडतं.

रोखठोक
स्लॅब आणि दुहेरी भिंत हे जावातल्या पैसेवाल्यांचं गणित आहे. कालिमंतानच्या दलदलीत विटांची तीन मजली इमारत खचते. तिथं खांबांवर लाकडी सांगाडा उभारतात, बाहेरून सिमेंटचे पातळ बोर्ड मारतात, वर पत्रा घालतात, आणि अशी घरं भरलेली आहेत. भरलेलं घर समोर दिसत असताना तुम्ही पुस्तकी आकडे कशाला सांगता?

खाडीकाठ
लाकडी सांगाड्याचं मान्य, दलदलीत तोच योग्य. पण त्या भरलेल्या घरांत पत्र्याखाली काय असतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. फोमचा थर असतो, त्याखाली फळ्यांची छत असते आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला वाट ठेवलेली असते. 'पत्रा चालतो' एवढंच वाचून कुणी नुसता पत्रा ठोकला तर ती जबाबदारी तुमची.

सिरिपवाला
दोघंही फळ्यांवर गप्प आहात, आणि पैसा फळीवरच लटकतो. मेरांतीसारखं लाकूड घ्या, पूर्ण वाळलेलं, वास नसलेलं, डिंक न गळणारं. वाळवीचं औषध मारलेली फळी अजिबात नको. रुंदी 15 ते 20 सेंटिमीटर, जाडी 2, पृष्ठभाग रंधा न मारलेला, आडव्या बारीक खाचा पाडलेल्या. दोन फळ्यांत 30 ते 40 सेंटिमीटर अंतर ठेवा आणि मधे आडव्या फळ्या घालून चौकटी करा, कारण पहिली घरटी कोपऱ्यातच लागतात. फळी छताला घट्ट भिडली पाहिजे. फट राहिली की झुरळं तिथं बसतात आणि रात्री घरटी कुरतडतात.

नव्या सिमेंटचा वास गेल्याशिवाय पक्षी थांबत नाहीत. जुन्या घरातली विष्ठा पाण्यात भिजवून भिंतींना मारतात. फळ्यांवर ते पाणी उडू देऊ नका.

रोखठोक
हे बरोबर आहे. आवाजाचंही तेवढंच बरोबर आहे, आवाजाशिवाय नव्या घरात पक्षी येणारच नाही.

पिनांगवाला
आवाजाचा विषय निघालाच आहे तर ऐका. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत छपरावरचे भोंगे चालू असतात, शेजारी लहान मुलं झोपत नाहीत आणि मालक दुसऱ्या गावात राहतो. पिनांगचं जॉर्ज टाउन शहर 2008 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आणि जुन्या दुकानघरांतली पाकोळीघरं हलवायचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. खिडक्या विटांनी बुजवलेल्या, आत सतत ओल, जुना चुन्याचा गिलावा फुगून गळतोय, ही त्या घरांची अवस्था होती. वस्तीत पाकोळीघर नकोच, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

खाडीकाठ
वस्तीबाहेर बांधा, हे मान्य. आवाज फक्त भोकाच्या दिशेला ठेवा. आतले ट्वीटर, म्हणजे छोटे स्पीकर, हळू आवाजात आणि विखरून लावा. तारा पाइपमधून घ्या, कारण उंदीर त्या कुरतडतात आणि दमट हवेत ठिणगी पडली की लाकडी घर उभं जळतं. भोकाखाली घुबडाला बसायला कठडा नको, भोवती गुळगुळीत फरशी बसवा. भिंतीच्या पायाशी पाण्याची चर ठेवा, मुंग्या अडतात.

रोखठोक
आता मुद्द्याचं. इतका खर्च करून पैसे कधी? अंडी घालण्याआधीचं घरटं पांढरं आणि स्वच्छ असतं. पिल्लं उडून गेल्यावरच्या घरट्यात पिसं आणि घाण असते, चिमट्यानं एकेक पीस काढायची मजुरी वेगळी. पक्षी पुन्हा बांधतोच. मी तरी अंड्याआधी काढा म्हणेन.

सिरिपवाला
हीच लूट, आणि असल्या सल्ल्यानं घरं रिकामी होतात. घरटं बांधायला महिना-सव्वा महिना, दोन अंडी, उबवण सुमारे 23 दिवस, मग पिल्लू उडायला साधारण सहा आठवडे. मधेच घरटं काढलंत तर जोडी घाईनं दुसरं लावते, ते लहान आणि पातळ होतं. तिसऱ्यांदा काढलंत तर जोडी जागा सोडते. नवी पिल्लं नाहीत म्हणजे पुढच्या वर्षी परत येणारं कुणी नाही. नव्या घरात शे-दोनशे घरटी होईपर्यंत हात लावू नका. पुढेही पिल्लू उडाल्याची खात्री करून, आरसा आणि मंद दिवा घेऊन, एकेक घरटं तपासून काढा.

रोखठोक
बँकेचा हप्ता शंभर दिवस थांबत नाही. जावात सेरिती या दुसऱ्या जातीच्या पाकोळीच्या घरट्यात आपल्या पाकोळीची अंडी ठेवून घरं भरवली, त्यात कुणी पक्ष्यांची परवानगी घेतली नव्हती.

सिरिपवाला
त्या पद्धतीत अंडं उबवून पिल्लू मोठं करतात. तुम्ही अंडं पडूच देत नाही. दोन्हींची तुलना करून लोकांना फसवू नका.

पिनांगवाला
दर्जाचा मुद्दा घरटं कधी काढलं एवढ्यावर ठरत नाही. 2011 मध्ये चीननं मलेशियाच्या घरट्यांची आयात थांबवली ती नायट्राइट या जास्त झाल्यास अपायकारक रसायनामुळे. खाली विष्ठा साचते, ओल मिळाली की तिच्यातून नायट्राइट तयार होतं आणि वर लटकलेलं पांढरं घरटं पिवळं-तांबडं पडतं. पुढे किलोला 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आली. विष्ठा नियमित उचला आणि फवारा जमिनीवरच्या विष्ठेवर सोडू नका.

रोखठोक
विष्ठेचं पटलं. काढणीचं नाही. निम्म्या फळ्या पिल्लांसाठी राखून निम्म्यांवर अंड्याआधी काढली तर चालेल, एवढं मी लिहून दुरुस्त करतो.

कोकणी वारा
वेंगुर्ल्याच्या बेटांवरही पाकोळ्या आहेत. कोकणातल्या बंद घरांत हेच करता येईल का?

खाडीकाठ
नाही, आणि हा प्रश्न इथेच थांबवू या. वेंगुर्ला रॉक्सवरची भारतीय पाकोळी ही वेगळी जात. तिच्या घरट्यात गवत आणि पिसं मिसळलेली असतात. तरीही चोरट्यांनी ती काढून नेली, मग चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला संरक्षणासाठी उतरावं लागलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. अंदमानच्या गुहांमध्ये खरी पांढऱ्या घरट्याची पाकोळी आहे, तिथंही आधी घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार नेमून पिल्लं वाचवावी लागली. त्यामागे पक्षीशास्त्रज्ञ डॉ. रवी शंकरन यांचं काम होतं.

कोकणी वारा
बंद घर, आवाज लावला आणि ती आपणहून आली तर?

खाडीकाठ
आली तर घर तिचं. घरटं काढता येणार नाही, मग तुमचा हिशेब कशावर?

सिरिपवाला
रोखठोक, निम्म्या फळ्यांचं लिहिणार असाल तर ह्याही ओळी घाला: घरटं काढताना आधी पाणी फवारून मऊ करा आणि पातळ पात्यानं फळीलगत सोडवा. कोरडं खेचलंत तर पाया फळीवरच राहतो, आणि शेजारच्या घरट्यातली अंडी हादऱ्यानं खाली पडतात.