पाच-सहा महिने घर बंद ठेवून जायचंय, काय काय करावं?

अंगणातली
नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि आमचे हे न्यू जर्सीला चाललोय, लेकीचं बाळंतपण आहे, परत येणं आता दिवाळीनंतरच. नाशिकला रो-हाऊस आहे, रांगेतलं शेवटचं, मागे मोकळा प्लॉट आणि पावसाळ्यात त्यात कमरेएवढं गवत. वॉचमन नाही. जावई म्हणतात कॅमेरे बसवा आणि निवांत या, आणि ह्यांचं म्हणणं मेन स्विच बंद केल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. आता मेन बंद केला तर कॅमेरा कशावर चालणार हे दोघांपैकी कोणीच सांगत नाहीये. शेजारच्या वहिनींकडे चावी द्यावी का? दिली तर उगाच त्यांच्या डोक्याला ताप. सोनं फार नाही पण आहे ते कपाटातच आहे. जाणकारांनी सांगा प्लीज.

खटपट्या
ताई, मेन पाडायची गरज नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून राउटर आणि कॅमेऱ्याची लाइन वेगळ्या एमसीबीवर (मीटरबोर्डातला त्या-त्या लाइनचा छोटा स्विच) घ्या, बाकी गीझर, पंप, एसी सगळं खाली पाडून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर फक्त या लाइनसाठी चालू ठेवा आणि निघायच्या आधी बॅटरीत पाणी भरून घ्या. पण पावसाळ्यात भिंतीला ओल आली की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ट्रिप होतो आणि मग इन्व्हर्टर संपला की कॅमेरा आंधळा, तो स्विच वर करायला कोणीतरी आत यावंच लागतं. तेव्हा चावीचा प्रश्न तिथेच मिटला, द्यावी लागणारच.

कॅमेरा नुसता मेमरी कार्डवाला घेऊ नका, चोर जाताना कॅमेराच उपटून नेतात, क्लाउडवर रेकॉर्डिंग जाईल असा घ्या. वाय-फायचा रिचार्ज सहा महिन्यांचा एकदम मारा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे नाशिकला रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार असतात, म्हणजे अलर्ट आला तर तुम्ही जाग्या असणार. पण करणार काय? तिथून ११२ फिरवलं तर तिकडचे पोलीस उचलतील. त्यामुळे तुमच्या पोलीस स्टेशनचा लँडलाइन नंबर +९१ २५३ लावून आत्ताच सेव्ह करा आणि इथून निघायच्या आधी एकदा लावून बघा, कोणी उचलतं का ते. जमलं तर स्टेशनला जाऊन घर बंद असल्याचा अर्ज देऊन या, पोचही घ्या.

सांजवात
कॅमेऱ्याचं सगळं बरोबर आहे पण मी दुसऱ्या बाजूने सांगते, आमच्या कॉलनीतल्या परदेशी गेलेल्या लोकांच्या चाव्या माझ्याकडेच असतात. घर बंद आहे हे कुलपावरून नाही हो कळत, बाकीच्या गोष्टींवरून कळतं. क्लासेसच्या आणि पिझ्झाच्या जाहिराती ग्रिलच्या जाळीत खोचून जातात, त्या चार दिवस तशाच राहिल्या की बघणाऱ्याला कळतं. गेटमध्ये अडकवलेलं लाइट बिल भिजून लगदा झालेलं. पायरीवर शेवाळ. मी रोज जाता-येता तेवढं उचलते आणि आमच्या मावशी अंगण झाडतात, त्यांना त्याचे वेगळे पैसे ठरवून द्यायला सांगते, फुकटात राबवू नका कोणाला.

आणि तुम्ही दिवाळीनंतर येणार म्हणताय ना, मग हे लक्षात ठेवा. अख्ख्या रांगेत आकाशकंदील आणि तुमचंच दार अंधारात, याच्याइतकी उघड पाटी दुसरी नाही. वहिनींकडे कंदील आणि एलईडी बल्ब आधीच देऊन ठेवा. वहिनींना ताप होईल म्हणताय, पण विचारून तर बघा, माणसं आनंदाने करतात, फक्त कपाटाच्या चाव्या त्यांना देऊ नका, त्यांनाही नको असतात.

दीडशहाणा
कंदील लावून चोर फसतात वगैरे ठीक आहे, पण मागचं दार कोण बघणार? पेपरात नेहमी वाचतो आपण, ‘कडी-कोयंडा तोडून प्रवेश’. बाहेरून मोठ्ठं कुलूप लटकवू नका, लॅच लावा आणि मागच्या दाराला आतून आडवी लोखंडी पट्टी. रो-हाऊसला गच्चीचं दार सगळ्यात कच्चं असतं, पीव्हीसीचं असेल तर एका लाथेचं काम. आधी ते बदला, मग कॅमेरे घ्या.

पासबुक
बँकेतून रिटायर झालोय म्हणून सोन्याबद्दल सांगतो. लॉकर घ्या, पण आजच चौकशी करा, बऱ्याच शाखांत वेटिंग असतं. आणि लॉकरात ठेवलं म्हणजे विमा झाला असं समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत, आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. सोन्याचा आजचा भाव बघा आणि हिशेब करा. तरीही कपाटापेक्षा बरंच! दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मुलीला पाठवून ठेवा. घराचा विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा, काही पॉलिसींत घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर कंपनीला आधी कळवायची अट असते, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कलम पुढे करतात.

अंगणातली
बापरे, गच्चीचं दार पीव्हीसीचंच आहे, उद्याच सुताराला बोलावते. वहिनींशी बोलले, त्या हो म्हणाल्या, वर म्हणे कढीपत्ता आणि लिंबं आम्ही तोडणार, तेवढं चालेल ना. ह्यांना वेगळ्या एमसीबीचं पटलंय पण गॅसचा रेग्युलेटर काढून तो स्वतःच्या बॅगेत घालून अमेरिकेला न्यायचा म्हणतायत, त्यांना कोणीतरी समजवा. फ्रिजचं काय करायचं?

खटपट्या
फ्रिज रिकामा करा, पुसा, बंद करून दाराच्या फटीत नॅपकिनची घडी घाला म्हणजे बुरशी नाही धरत. बाथरूमच्या जाळ्यांमध्ये पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही, नाहीतर झुरळं वर येतात. रेग्युलेटर काढून किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवा म्हणावं.