पेजमेकर ७ आणि डोंगलवाले मराठी फॉन्ट विंडोज ११ वर कसे चालवायचे?

करवीर_छापखाना
नमस्कार मंडळी. नवीन मशीन विंडोज ११ चं आहे. काम मुख्यतः दूध संस्था आणि सेवा संस्थांच्या वार्षिक अहवालांचं, सगळं पेजमेकर ७ मध्ये (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर). मागच्या सालची फाइल उघडायची, आकडे बदलायचे, छापायचं. पेजमेकर सुरू होतंय, पण मराठी फॉन्टच्या पॅकेजची जुनी सीडी घातली की ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी’ येतं. जुन्या मशीनवरचे फॉन्ट आणून टाकले, तर निम्म्या अक्षरांच्या जागी चौकोन. पॅकेजच्या यूएसबी डोंगलचा (परवाना तपासणाऱ्या किल्लीचा) दिवाही लागत नाही. ३० सप्टेंबरच्या आत सगळ्यांच्या सभा असतात. कोल्हापुरात राजारामपुरीत कुणाकडे नेऊन द्यावं, की इथंच जमेल?

उद्यमनगर_४१६
नेऊ नका अजून. तिन्ही दुखणी वेगळी आहेत, आणि दुकानात सगळ्यावर एकच औषध मिळतं: फॉरमॅट.

सीडीचं आधी. त्या काळात प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी त्याचा सेटअप पुष्कळदा १६-बिट असायचा. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. कंपॅटिबिलिटी मोड लावून हे सुटत नाही, त्यात दिवस घालवू नका.

चौकोनांचं कारण दुसरंच आहे. जुने मराठी फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. १२८ च्या आतल्या क्रमांकांचे तुकडे नीट दिसतात, त्यापुढचे विंडोजच्या कोडपेजवर (क्रमांक आणि अक्षर यांच्या तक्त्यावर) अवलंबून असतात, म्हणून निम्मीच अक्षरं बिघडतात. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, त्यात ‘चेंज सिस्टम लोकेल’ उघडा. तिथं इंग्रजी ठेवा आणि खालच्या ‘बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८’ या चौकटीतली टिक काढा. मशीन रीस्टार्ट करा.

पंचगंगा_डीटीपी
वरच्यात भर. पेजमेकर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. तिथं लिहायची परवानगी नसते, मग विंडोज त्याच्या सेटिंग फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतं आणि बदललेलं एका युजरला दिसतं, दुसऱ्याला नाही. सरळ सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, त्याला युजर्ससाठी फुल कंट्रोल द्या. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ कायमचं लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तसं केलं की नेटवर्कवरचे मॅप केलेले ड्राइव्ह पेजमेकरला दिसत नाहीत आणि फाइल ओढून टाकताही येत नाही. इन्स्टॉल करण्यापुरतंच वापरा.

पीडीएफ एक्स्पोर्टच्या नादी लागू नका. पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटर ड्रायव्हर बसवा, पोर्ट ‘फाइल’ ठेवा. डिस्टिलरची (पोस्टस्क्रिप्टचं पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रॅमची) पीपीडी फाइल, म्हणजे प्रिंटरचं वर्णन असलेली फाइल, पेजमेकरच्या आरएसआरसी फोल्डरात, भाषेच्या फोल्डरातल्या पीपीडी४ मध्ये टाका. पोस्टस्क्रिप्ट फाइल काढून ती डिस्टिलर किंवा घोस्टस्क्रिप्टमधून पीडीएफ करा. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झालेत ना (फाइलच्या आतच बसलेत ना), हे छपाईच्या प्लेटला पाठवण्याआधी बघाच.

करवीर_छापखाना
टिक काढली, चौकोन गेले! लई उपकार. पण ४० पानांचा अहवाल ४२ पानांचा झाला. ओळी सरकल्यात.

पंचगंगा_डीटीपी
डॉक्युमेंट सेटअपमध्ये ‘कंपोज टू प्रिंटर’ काय आहे बघा. पेजमेकर ओळी त्या प्रिंटरच्या हिशेबानं तोडतं. जुन्या मशीनवर जो होता तोच ड्रायव्हर इथं बसवा, प्रिंटर जोडलेला नसला तरी चालेल. विंडोजच्या सेटिंगमधलं ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ही बंद करा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होत राहतो. आणि फाइल उघडताना फॉन्ट मॅचिंगचा तक्ता आला, तर फॉन्टचं एखादं वजन (जाड-बारीक रूप), बहुधा बोल्ड, आणायचं राहिलंय. तिथं ‘पर्मनंट’ कधीच निवडू नका. सेव्ह केलं की मूळ फॉन्टचं नाव फाइलमधून जातं. रद्द करा, फॉन्ट टाका, पुन्हा उघडा.

उद्यमनगर_४१६
आता डोंगल. ६४-बिट विंडोजला ६४-बिट आणि डिजिटल सही केलेलाच ड्रायव्हर लागतो, त्या काळचा ३२-बिट चालणार नाही. पॅकेजवाल्या कंपनीकडे नवा ड्रायव्हर आहे का, हे आधी विचारा. तो मिळाला तरी विंडोजच्या ‘मेमरी इंटिग्रिटी’ या सुरक्षा सेटिंगमुळे अडू शकतो. ती बंद करायला सांगणारे भेटतील, पण ज्या मशीनवर नेटबँकिंग आणि जीएसटी आहे तिथं मी ते करू देणार नाही.

जुन्या फाइल उघडून छापायला बहुतेक पॅकेजमध्ये फॉन्ट पुरेसे असतात, डोंगल लागतं ते टायपिंगच्या कीबोर्ड इंजिनाला. तेवढ्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) ३२-बिट विंडोज एक्सपी टाका: १ जीबी रॅम, १ प्रोसेसर, २० जीबी डिस्क. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. डिस्क आयडीई कंट्रोलरवरच ठेवा, साटावर ठेवली तर एक्सपीकडे ड्रायव्हर नसल्यानं ७बी ची निळी स्क्रीन येते. डोंगलसाठी यूएसबी फिल्टर लावा, म्हणजे ते थेट आत जाईल. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, तेव्हा नेटवर्क कार्ड बंदच ठेवा, फाइल शेअर्ड फोल्डरमधून न्या-आणा. खाली कासवाचं चित्र दिसलं तर विंडोजचा स्वतःचा व्हर्च्युअलायझेशन प्रोग्रॅम हायपरव्ही आडवा येतोय, मशीन रांगेल.

एक्सपीची रिटेल सीडी आणि की हवी. जुन्या मशीनसोबत आलेलं ओईएम (मशीन बनवणाऱ्यानं टाकून दिलेलं) लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं.

करवीर_छापखाना
डोंगल एलपीटीचं (जुन्या प्रिंटर पोर्टचं) असतं तर? भावाच्या प्रेसमध्ये तसलं आहे.

उद्यमनगर_४१६
यूएसबी ते पॅरलल केबल घेऊ नका, ती फक्त प्रिंटरसाठी असते, डोंगल ओळखत नाही. ते जुनं मशीनच जपा. हार्डडिस्कची आजच पूर्ण इमेज काढा, मदरबोर्डवरचा बटण सेल बदला.

रंकाळा_अक्षर
नवे अहवाल तरी युनिकोडमध्ये सुरू करा. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यासाठी इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा किंवा स्क्रायबस १.६ घ्या. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की पहिली वेलांटी आणि रफार आधी तपासा: जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, रफाराचं नेमकं उलटं. ‘वर्ष’, ‘कर्ज’, ‘निधी’, ‘वाढविणे’ हे शब्द शोधून बघा, अहवालात तेच सगळ्यात जास्त येतात. ‘ऱ्या’ही बघा, ‘कर्मचाऱ्यांचे’ हमखास बिघडतं. आकड्यांचे तक्ते कन्व्हर्टरमधून घालू नका, ताळेबंद एक्सेलमधून नव्यानं आणा.